वॉल लाव!

जरा थांबा. मला फिरवायच्या आधी माझं थोडं ऐकून घ्या. नुसतं फिरवून निघून जाणारे मला पुष्कळ भेटले.

मी वॉल. कागदावर मला व्हॉल्व्ह लिहितात, पण बोईसरच्या एमआयडीसीत तसं म्हणणारा एकच साहेब भेटला, आणि आठवडाभरात तोही वॉल म्हणायला लागला. ओतीव लोखंडाचं अंग, डोक्यावर तांबडं चाक, पोटात एक पातं. चाक उजवीकडे फिरवलं की पातं खाली बसतं, पाणी थांबतं. डावीकडे फिरवलं की पातं वर जातं, पाणी धावतं. एवढंच माझं काम. एक खोड मात्र सांगून ठेवतो. मी उघडा आहे की मिटलेला, हे माझ्या तोंडाकडे बघून कळत नाही. चाक दोन्ही वेळा सारखंच दिसतं.

हल्ली मी एका टेबलावर असतो. खाली लाकडाची फळी, चार बोल्ट. मागून पाणी येत नाही, पुढे जात नाही. दिवसभर हात येतात, फिरवतात, जातात. या फिरण्याला काय अर्थ, असं वाटून सुरुवातीला जीव नुसता तळमळायचा. अजूनही तळमळतो, खोटं कशाला सांगू?

जन्म कुठल्या गावी झाला, मला ठाऊक नाही. आठवतो तो भट्टीचा लाल उजेड आणि वाळूचा साचा. थंड झालो तेव्हा कोणीतरी हातोडीने ठोकून माझा आवाज ऐकला, "बरा आहे" म्हणाला आणि गोणपाटात घातलं. गोणपाट उघडलं ते बोईसरला, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात.

मला लाइनवर बसवलं पुंडलिकने. हा समुद्रकाठच्या मुरबे गावचा. बापजादे सगळे होडीवाले, हा एकटाच जमिनीवर कामाला आला. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सहीच्या जागी अंगठा. पण पाइपाला कान टेकवून आत गाळ कुठे अडलाय ते बोट ठेवून सांगायचा. माझ्या आट्यांना ग्रीस चोपडलं आणि म्हणाला, "बस बाबा हितं. तुला काय कोन विचारायचा नाय."

सोळा वर्षं खरंच कोणी विचारलं नाही.

माझी जागा गरम पाण्याच्या लाइनवर होती. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे सिमेंटचा हौद. रंग गाळायची मोठाली कापडं त्या हौदात धुवायची. धुणारा गमबूट घालून हौदात उतरतो आणि अलीकडचा माणूस मला उघडतो, मिटतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. मधे भिंत, पाण्याचा धो-धो आवाज आणि त्यातून येणारी हाक. त्या हाकेवर सगळं चालायचं.

दर दोन-तीन महिन्यांनी नवी मुलं यायची. डोक्यावर हिरवी टोपी, म्हणजे हा नवा, हे सगळ्यांना कळावं. पहिल्या दिवशी त्यांना वरच्या हॉलमध्ये बसवून पडद्यावर चित्रं दाखवायचे, सकाळपासून जेवणापर्यंत. मग खाली फिरवून आणायचे. फिरवणारा कमलेश, शिफ्टचा सुपरवायझर. चालता चालता हात करायचा. "ये पंप. ये स्टीम की लाइन, हाथ मत लगाना. ये वॉल. समझे ना?"

"हो सर."

"चलो."

सोळा वर्षांत माझ्या वाट्याला आले ते एवढेच दोन शब्द. मग एक कागद फिरायचा. 'मला सर्व समजले आहे.' खाली सही. पहिला सही करायचा म्हणून दुसरा करायचा, दुसरा करतो म्हणून तिसरा. तीन महिन्यांत त्यांतले निम्मे निघून जायचे आणि वरचे म्हणायचे, आजकालची पोरं टिकत नाहीत. मला हाताची पारख आहे म्हणून बोलतो. टिकायला आलेले हात होते ते. पण काय करायचं हेच ज्याला नीट सांगितलेलं नाही, तो हात किती दिवस उगाच लोंबकळत राहणार?

अशाच एका तुकडीत दीपिका आली. सफाळ्याच्या आतल्या बाजूच्या पाड्यावरची, आयटीआय झालेली. भात कापून झालं की तिची आई बायडी घराला कडी घालून बाहेरगावी कामाला जायची, दोन वर्षं दीपिकाही मागून गेली होती. आता गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. ते कार्ड ती कामात सारखं वळवून आतल्या बाजूला घालायची, रंग लागू नये म्हणून. वर्षभर टिकली तर कायम होण्याची आशा होती. तिचा हात पहिल्यांदा माझ्यावर पडला तेव्हाच मला कळलं, हा हात घाबरट नाही, विचारायला लाजणारा आहे.

दुसऱ्या आठवड्यात ते घडलं.

पलीकडे हौदात प्रफुल्ल उतरला होता. प्रफुल्ल तारापूरकडच्या गावचा, बारा वर्षं याच कामात मुरलेला माणूस. अलीकडे कमलेशने दीपिकाला माझ्याजवळ उभं केलं. "इथे थांब. प्रफुल्ल ओरडेल तसं कर." तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला.

दीपिकाने मला अर्धं उघडलं. पाणी चाललं. हौद भरत आला. मग भिंतीपलीकडून हाक आली, "लाव! वॉल लाव!"

दीपिकाने दोन्ही हातांनी चाक धरलं आणि डावीकडे, जितकं फिरेल तितकं फिरवलं.

मी फिरलो. मला नाही म्हणता येत नाही. पातं वर गेलं, पाणी उसळलं आणि पलीकडून आधी शिवी, मग किंकाळी. कढत पाणी प्रफुल्लच्या गमबुटात शिरलं होतं. पुंडलिक धावत आला आणि मला उजवीकडे गरागरा फिरवून मिटवलं. दीपिका जागची हलली नव्हती. तिचे हात तसेच हवेत, चाक धरल्यासारखे.

नशीब, पायावर निभावलं. घोट्यापासून पोटरीपर्यंत भाजला.

दुसऱ्या दिवशी मला लाइनवरून काढलं, आत काही बिघाड आहे का ते पाहायला. बिघाड नव्हता. मग पुसून, खाली वर्तमानपत्र घालून, दर्पण सरांच्या टेबलावर ठेवलं. दर्पण सर म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, माणूस वाईट नाही, पण त्यांना कायम पुढच्या मीटिंगला उशीर झालेला असतो. चौथ्या दिवशी चौकशी बसली. सर, कमलेश, नव्या मुलांचं बघणाऱ्या हिमानी मॅडम, पायाला पट्टी बांधून भाच्याच्या मोटरसायकलवरून आलेला प्रफुल्ल, मला बसवणारा म्हणून बोलावलेला पुंडलिक, आणि भिंतीला टेकून दीपिका.

"मी 'बंद कर' बोललो," प्रफुल्ल म्हणाला. "स्पष्ट बोललो. हिने उघडला."

दर्पण सरांनी दीपिकाकडे पाहिलं.

"दादा 'लाव' बोलले," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की एसीच्या घरघरीत बुडाला.

"काय?"

"काय नाय. माजी चूक हाय."

मी टेबलावर होतो, त्यांच्या मधोमध. हाक मी ऐकली होती. त्या खोलीत तिच्याशिवाय मीच एक साक्षीदार. पण आमच्या जातीला दोन तोंडं असून एकातूनही शब्द फुटत नाही. सोळा वर्षांत असा जीव कधी कासावीस झाला नव्हता.

सरांनी कागद उलटला. "ट्रेनिंग झालंय. सही आहे. 'मला सर्व समजले आहे.' हिमानी, मग आपण काय करणार? आज पाय भाजला, उद्या डोळे जातील. हिचं नाव बॅचमधून काढा."

हिमानी मॅडमना स्वतःला इथे येऊन आठच महिने झाले होते. त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "सर, एकदा विचार—"

"केला विचार."

दीपिकाचा हात गळ्यातल्या कार्डाकडे गेला. काढून द्यायचं असतं का आताच, असं कमलेशला नजरेनेच विचारत होती.

तेवढ्यात कँटीनच्या प्रेमलाताई चहा घेऊन आल्या. दोन्ही हातांत ट्रे, दार उघडंच राहिलं. बाहेरची गरम झळ आत आली, प्रफुल्लचा पाय चुरचुरला असावा. तो कळवळून म्हणाला, "ओ ताई, दार लावा ना! एसी लावलाय, दिसत नाय का?"

प्रेमलाताईंनी टाचेने दार ढकललं.

"थांब," पुंडलिक म्हणाला. "प्रफुल्ल, काय बोललास?"

"काय? दार लाव बोललो."

"आनि?"

"एसी लावलाय."

पुंडलिक घाईने बोलणारा नाही. चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला. "दार लावला म्हंजे बंद केला. एसी लावला म्हंजे चालू केला. एका दमात दोन लाव बोललास. मंग वॉल लाव म्हंजे रे काय?"

कमलेश हसायला गेला आणि मधेच थांबला.

"सायेब," पुंडलिकने मला दर्पण सरांपुढे सरकवलं. "वॉल लावा बघू. इचार नका करू."

सरांचा हात चाकावर आला आणि डावीकडे फिरला. उघडा.

"कमलेश, तू लाव."

कमलेशने उजवीकडे फिरवला. मिटला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हिमानी मॅडम पुढे वाकल्या, चाकाला हात घातला आणि तसाच ठेवून म्हणाल्या, "मला नाही सांगता येत हो. खरंच नाही."

"पोरी," पुंडलिक दीपिकाला म्हणाला, "तुज्या पाड्यावर लाव कशाला बोलतान?"

दीपिकाने पहिल्यांदा मान वर केली. "मोटर लाव बोलतान. दामूकाका मोटर लावतो, मंग टाकीला पानी येतं. लाव बोललं का पानी येतं."

पुंडलिक प्रफुल्लकडे वळला. "आनि तुज्याकडं?"

प्रफुल्लने पट्टीकडे बघत उत्तर दिलं. "आमच्या शेताला खाडीचा बांध हाय. बांधाला लाकडी दार. भरती आली का बाबा ओरडायचे, दार लाव, दार लाव. नायतर खारं पानी शेतात. लाव बोललं का पानी थांबतं आमच्यात." मग सरांकडे वळून म्हणाला, "सर, मी लावच बोललो असेन. डोक्यात बंद होतं ना, म्हनून वाटलं बंदच बोललो. पोरीचं नाव नका काढू."

दर्पण सरांनी घड्याळ पाहिलं, पण उठले नाहीत. "राहू दे नाव," म्हणाले. "पण पुढची तुकडी दोन महिन्यांत येतेय. हिमानी, हे पहिल्या दिवसाचं जे काय आहे ते नीट बसवा. नाहीतर पुन्हा इथेच बसू आपण."

माझ्या जागी लाइनवर दांड्याचा वॉल आला. दांडा आडवा म्हणजे बंद, सरळ म्हणजे चालू, लांबून दिसतं. मला भंगारात टाकणार होते. पुंडलिकने उचलून हौदाच्या भिंतीलगतच्या मोकळ्या खोलीत नेऊन ठेवलं. ती झाली नव्यांची खोली.

हिमानी मॅडमनी आधी एक मोठी पाटी करून आणली. 'लाव म्हणू नये. उघड किंवा बंद म्हणावे.' निळ्या अक्षरांत, छान. पाटीखाली उभं राहून त्याच दिवशी कमलेश ओरडला, "अरे, तो फॅन बंद कर आणि वॉल लाव रे!"

मॅडम रडवेल्या झाल्या. पुंडलिक म्हणाला, "बाय, जीभ पाटी वाचत नाय."

"मग काय करायचं काका?"

"होडीवर नवा गडी आला का आमी त्याला काय बी सांगितलं, तर तो आमाला उलट बोलून दाखवतो. 'जाळं सोड' बोललो, तर तो बोलनार, 'जाळं सोडतो.' तो बोलंपर्यंत आमी दुसरं बोलत नाय. वाऱ्यात निम्मं ऐकाया येत नाय ना. हितं कुठं येतंय?"

तिथून त्या दोघांचं सुरू झालं. मी टेबलावरून ऐकत असे. मॅडम लिहायच्या, पुंडलिक खोडायला सांगायचा. पडद्यावरच्या दोनशे चित्रांची तीस झाली. उरलेल्या वेळात मी, एक उघडलेला पंप आणि हातात धरता येतील अशा दहा वस्तू. प्रत्येक नव्याला तीन महिन्यांसाठी एक जुना जोडीदार, आणि त्या जोडीदाराचं निम्मं काम दुसऱ्याकडे. यावर दर्पण सरांशी दोन दिवस वाद झाला, मॅडम हटल्या नाहीत. सहीचा कागदही बदलला. आता त्यावर लिहिलं होतं, 'आज मला काय समजलं नाही.' खाली तीन ओळी. कोरा कागद घेत नसत.

आणि सगळ्यांत आधी शिकवणी जुन्यांची. कमलेश रागावला. "पोरांसमोर आम्ही पोपटासारखं बोलायचं? अठरा साल हो गये मुझे."

"मला तीस झाली," पुंडलिक म्हणाला. "बस."

बसला. तोंड फुगवून, पण बसला.

हे सगळं होत होतं आणि माझा जीव मात्र दीपिकापाशी अडकला होता. नाव राहिलं, कामावर येत होती, पण वॉलला हात लावत नव्हती. झाडू दे, गोण्या मोजायला दे, चाक नको. अशी किती दिवस चालणार? कमलेश म्हणालाही, "वॉल पकडत नाही ती कसली ऑपरेटर?" ऑपरेटर नाही झाली तर वर्षाच्या शेवटी घरी, हे तिलाही कळत होतं.

पुंडलिक तिला जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आणू लागला. पहिल्या दिवशी तिचा हात आला, घामेजला आणि गेला. "असूं दे," तो म्हणाला. "आज बोंबील कुठला आनलाय बोल." दुसऱ्या दिवशी, "नुसता हात ठेव. फिरवू नको." ती हात ठेवून भाकर खाऊ लागली. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेच. मी आतल्या आत कुरकुरायचो. अरे, फिरव म्हण तिला! दोन आठवडे गेले. मग एका दुपारी बोलता बोलता तिने मला थोडं उजवीकडे फिरवलं, तिचं तिलाच कळलं नाही. पुंडलिकला कळलं. तो बोंबलाचंच बोलत राहिला.

पुढची तुकडी आली त्या आठवड्यातली गोष्ट. खोलीत हिरव्या टोपीची सात मुलं माझ्याभोवती उभी. भिंतीपलीकडे, पाय बरा झालेला प्रफुल्ल हौदात उतरलेला. लाइनवर नव्या वॉलपाशी, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, दीपिका. मला ती दिसत नव्हती. पाणी सुरू झाल्याचा आवाज आला. वाढला. खोलीत मॅडम बोलायच्या थांबल्या.

"लाव!" पलीकडून हाक आली. एवढी शिकवणी होऊनही प्रफुल्लच्या तोंडून तेच!

पाणी चालूच. एक क्षण, दोन क्षण. कर काहीतरी पोरी, कर.

आणि मग तिचा आवाज आला, भिंत फुटावी एवढा मोठा. "दादा, लाव म्हंजे काय? बंद का चालू?"

"बंद गे माजी आय, बंद!"

"बंद करते!"

दांडा खट्टकन आडवा झाला. पाणी थांबलं. पलीकडे प्रफुल्ल हसत होता, शिव्याही देत होता, स्वतःलाच. दाराशी उभ्या पुंडलिकने बिडी काढली, मग कारखाना आठवला आणि परत खिशात घातली.

खोलीतल्या मुलांत रूपल नावाची एक मुलगी होती. तिने हळूच विचारलं, "मॅडम, असं ओरडून विचारलं तर चालतं?"

मॅडम म्हणाल्या, "त्यासाठीच बोलावलंय तुम्हाला."

आता माझे आटे झिजत चाललेत. चाकाचा तांबडा रंग हातांनी खाल्ला. लाइनवर परत जायची आस अजून सुटलेली नाही. पलीकडे पाणी वाजलं की मी आपला अस्वस्थ होतो. पुंडलिक पुढच्या दिवाळीला निवृत्त होईल, मग ही खोली अशीच चालेल की पुन्हा वरच्या हॉलमध्ये दोनशे चित्रं, कोण जाणे. हिमानी मॅडमनी सगळं लिहून ठेवलंय, पण लिहिलेल्याचं काय होतं ते मी पाटीवरून पाहिलंय.

म्हणून जुन्या हातांना एवढंच सांगणं. हुकूम द्यायला वेळ लागत नाही. तो दिल्यावर एक श्वास थांबा, समोरून काय परत येतं ते ऐका. आणि सोमवारी जे नवे येतील, त्यांच्यातला कोणी मला फिरवता फिरवता मधेच थांबला, तर त्याला घाई करू नका. तो काहीतरी विचारणार आहे.